कैकाड्याची कणगी



पत्रिकेत विषय छापलाय ‘अर्जेंटिनाचे उआर्पे’. तिकडे जाणारच आहे, पण वाट आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटवरून काढतो.

‘सेटलमेंटला सोड’ असं रिक्षावाल्याला आपण सहज सांगतो. त्या नावामागे तारेचं कुंपण होतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या आणि तारेआडच्या वसाहतीत, म्हणजेच सेटलमेंटमध्ये, डांबल्या गेल्या. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी ठरलेली आणि बाहेर पडायला पास. इकडे सोलापूरच्या गिरण्यांना माणसं हवीच होती. तारेआडची माणसं कामाला जुंपली गेली. सुधारणेच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळाले, असं मी तरी म्हणतो. वसाहतीच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनही होतं. त्यांनी शाळा काढल्या, हेही नोंदवायला हवं. कायदा देशभरातून गेला 31 ऑगस्ट 1952 ला. स्वातंत्र्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

यातला कैकाडी घ्या. गाढवावर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, हातात विळा. निरगुडीचे, तरवडाचे ओले फोक आणायचे. बूड आधी. मग उभ्या काड्या, त्यांतून आडवा फोक एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. बोटानं दाबत दाबत वर जायचं आणि काठ वळवून टोकं आत खुपसायची. पाटी, डालगं, कणगी. आपल्या आज्यांची ज्वारी याच कणगीत, शेणामातीनं लिंपून, वर्षभर राहिली. ज्याच्या कणगीवर धान्याचा भरवसा ठेवला, त्यालाच गावानं चोर म्हटलं! घरात बोलायची भाषा तमिळच्या कुळातली, बाजारात मराठी. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन 1980 साली आलं, तेव्हा शहरी वाचकाला हे जगणं पहिल्यांदा आतून दिसलं.

आता उआर्पे. अँडीज पर्वताच्या पूर्वेला, मेंडोसा आणि सान हुआन भागातले हे लोक. ग्वानाकाचेच्या सरोवरांत लव्हाळ्याच्या होड्या घालून मासे धरायचे, कालवे काढून मका पिकवायचे. त्यांच्या टोपल्यांची वीण इतकी घट्ट, की आत पाणी ठरायचं. स्पॅनिशांनी त्यांना डोंगरापलीकडे चिलीत वेठीला नेलं. लुईस दे वाल्दिविया या पाद्र्यानं त्यांच्या दोन भाषांची व्याकरणं 1607 साली लिमाला छापली. बोलणारे मात्र पुढे उरले नाहीत. नद्यांचं पाणी द्राक्षमळ्यांकडे वळलं, सरोवरं आटली. मग इतिहासाच्या पुस्तकांनी लिहून टाकलं: ही जमात संपली. माणसं तिथंच शेळ्या राखत होती! 1994 साली अर्जेंटिनाच्या राज्यघटनेनं मूळ रहिवाशांना मान्यता दिली, तेव्हा ‘संपलेले’ उआर्पे जमिनीचा हक्क मागत उभे राहिले.

त्यांना कागदानं मेलेलं ठरवलं, आपल्यांना चोर. आणि कागद अजून थांबलेला नाही: विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जाती, सोलापुरात विमुक्त जाती. एकाच समाजातली दोन घरं, एक मूळ नागपूरचं, दुसरं मूळ सोलापूरचं, तर दाखले वेगळे.

सभागृहात कैकाडी समाजाची मंडळी असतील. त्यांना एवढीच विनंती, घरातल्या म्हातारीला विणताना प्रत्येक काडीचं, प्रत्येक वळणाचं नाव तिच्या भाषेत विचारा आणि वहीत उतरवून घ्या. आपल्याकडे वाल्दिविया येणार नाही.