कोर्लई : एक किल्ला आणि एक बोली

श्रोतेहो, किनाऱ्यावरील ज्या गावी किल्ला असतो त्या गावाचा इतिहास म्हणजे त्या किल्ल्याचाच इतिहास, अशी आपली एक सोयीस्कर समजूत होऊन बसली आहे. आणि ती किती अपुरी आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील कोर्लई या लहानशा गावी अवश्य जावे. अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडली, की उजव्या हातास डोंगराची एक लांबट, चिंचोळी सोंड समुद्रात शिरलेली दिसते. तिच्या माथ्यावर किल्ला, समुद्राच्या बाजूस दीपगृह आणि पायथ्याशी कोळ्यांची व ख्रिस्ती कुटुंबांची घरे, एवढाच या गावाचा विस्तार.

या डोंगराला मोल आले ते खाडीपलीकडच्या चौलमुळे. प्राचीन ग्रीक भूगोलकारांना आणि पुढे अरब प्रवाशांना ठाऊक असलेल्या या संपन्न बंदरापाशी, रेवदंड्यास, पोर्तुगीजांनी 1521 साली निजामशहाच्या अनुमतीने आपले ठाणे बसविले. परंतु खाडीच्या मुखावरील डोंगर ज्याच्या ताब्यात त्याच्या तोफांच्या टप्प्यात रेवदंडा, हे उघड असल्यामुळे निजामशाही फौजेने 1594 साली डोंगरावर तटबंदी उभारताच पोर्तुगीजांनी त्याच वर्षी निकराचा हल्ला करून ती जागा काबीज केली. पुढे सुमारे दीडशे वर्षे तेथे त्यांचाच अंमल राहिला. 1739 साली वसई पडल्यावर उत्तर कोकणातील त्यांचा जोर ओसरला, चिमाजी अप्पांनी कोर्लईवर सुभानराव माणकर यांस धाडले, आणि 1740 साली किल्ला मराठ्यांकडे आला. 1818 नंतर तो इंग्रजी अमलाखाली गेला.

आज वर चढून जाणाऱ्यास एकामागून एक लागणारे दरवाजे, छप्पर हरपलेले प्रार्थनामंदिर, पोर्तुगीज शिलालेख, इतस्ततः पडलेल्या तोफा, पाण्याचे टाके आणि त्याच आवारात रत्नेश्वराचे देऊळ असे सारे एका दृष्टिक्षेपात येते; आणि उत्तरेकडे पाहिले असता रेवदंड्याच्या नारळी-पोफळींतून डोके वर काढणारा सातखणी मनोरा दिसतो.

परंतु कोर्लईचा सर्वांत मोलाचा अवशेष दगडाचा नाही. पोर्तुगीज सत्ता गेली, तिचे कारभारी आणि शिबंदी निघून गेली. मात्र तिच्या आश्रयाने ख्रिस्ती झालेली एतद्देशीय कुटुंबे डोंगराच्या पायथ्याशीच राहिली. धर्माने आणि विवाहसंबंधांनी ती शेजाऱ्यांपासून वेगळी पडली, आणि चर्चमधील पाद्री विसाव्या शतकाच्या साठीपर्यंत पोर्तुगीज भाषाच वापरीत असल्यामुळे त्या कुटुंबांच्या घरांत एक पोर्तुगीज-उद्भव बोली नांदत राहिली. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज, पण आजूबाजूच्या मराठीच्या दीर्घ सहवासाने तिची वाक्यरचना अशी पालटली, की मूळ पोर्तुगीजात कर्त्यामागोमाग येणारे क्रियापद येथे मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीवर ग्रंथ लिहिले. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर असे काही बोलले जाते, याची वार्ताही नाही.

विस्मय वाटतो तो असा, की तोफा, तट आणि तहनामे यांच्या बळावर टिकवू पाहिलेले राज्य दीडशे वर्षांत गेले, आणि ज्यांच्यापाशी ना सनद होती ना दौलत, त्या मासेमारी व शेती करणाऱ्या माणसांनी त्याची वाणी त्याहूनही अधिक काळ सांभाळली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत. मुलांची शाळा मराठी, बाजार मराठी, आणि आता प्रार्थनाही मराठीत होते. यात कोणाचा अपराध नाही. पोटापाण्यासाठी मुलांनी मराठी शिकावी हे योग्यच आहे. पण एका भाषेच्या लाभासाठी दुसरी गमावलीच पाहिजे असे मात्र नाही.

म्हणून, श्रोतेहो, कोर्लईस गेलात तर किल्ला पाहून तसेच माघारी फिरू नका. खाली गावात थांबा आणि कोणी वडीलधारे भेटले तर त्यांच्या बोलीविषयी आदराने विचारा. आणि आपल्या विद्यापीठांनी, भग्न तटांची मोजमापे जितक्या आस्थेने घेतली जातात तितक्याच आस्थेने, या बोलीतील कथा-गीते त्या गावकऱ्यांच्याच साह्याने नोंदवून ठेवावीत. तट ढासळला तर पुन्हा बांधता येतो. बोली एकदा गेली की ती परत येत नाही.