सवलत कोणाच्या पदरात?
(फरवानिया येथील मेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टराने विजेवरील गाड्यांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपणांस पडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. हा धूर तासन्‌तास कोणाच्या फुप्फुसांत जातो? आगारातील कामगाराच्या, चालकाच्या, रस्ता झाडणाऱ्या भगिनीच्या. म्हणून आम्ही हा प्रश्न आरोग्याचा व न्यायाचा मानतो.

मुंबईच्या बेस्टचे उदाहरण बोलके आहे. वीजपुरवठा आणि बसवाहतूक ही दोन्ही कामे हा एकच उपक्रम करतो. 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावली, 1964 साली ती थांबली आणि 2023 साली विजेवरील दुमजली बस आली. अशा ताफ्यांना वीज कंपनी तीन प्रकारे हातभार लावू शकते : आगारापर्यंतची वाहिनी व रोहित्र स्वखर्चाने उभारणे, चार्जिंगला वेगळा दर देणे आणि मागणी कमी असताना सूट देणे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2018 साली चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र दरवर्ग केला व रात्रीच्या विजेवर प्रति युनिट दीड रुपया सूट ठेवली. कुवेतमध्येही जून 2024 च्या उकाड्यात काही भागांत भारनियमन करावे लागले. सरकारी गाड्या दुपारी नव्हे, रात्री चार्ज झाल्या तर असा ताण वाढत नाही.

परंतु सवलत झिरपते कोठे? कंत्राटदार बस घेतो, चालवितो आणि किलोमीटरमागे मोबदला घेतो. ऑगस्ट 2023 मध्ये याच पद्धतीतील बसकामगारांना वेतनवाढीसाठी मुंबईत काम बंद करावे लागले. मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. धूर कमी होणे हा लाभच होय. मात्र चालकाचे वेतन व प्रवाशाचे भाडे त्यातून आपोआप सुधारत नाही.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात वीज खाते सांभाळताना बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1943 मध्ये स्वस्त व मुबलक विजेचा संबंध जनतेच्या दारिद्र्यमुक्तीशी जोडला होता. तीच कसोटी आज लावावी. सार्वजनिक पैशातून सवलत घेणाऱ्या प्रत्येक करारात वेतनाची हमी असावी, हिशेब जाहीर व्हावा आणि जुन्या चालक-यांत्रिकांना नवे प्रशिक्षण मिळावे.

सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या नगरपालिकेला एवढेच विचारा : विजेची गाडी आली, तिची सवलत कोणाच्या पदरात पडली?

जयभीम! जय भारत!