आधी काडी, मग बटण
(पनवेल येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारी माणसं आज गॅसच्या शेगडीचं काय घेऊन बसली, असं काहींना वाटेल. पण भाव पडला की आपण कापूस ठेवतो कुठं? घरातच. एका कोपऱ्यात कापसाची गंजी आणि दुसऱ्या कोपऱ्यात चूल. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत फक्त पऱ्हाटी जळत होती, अशा कित्येक घरांत टाकी आली. ती वापरायची रीत मात्र आपली आपणच शिकून घ्यायची आहे.

फवारणीच्या पंपाला टाकी, वायसर, नळी आणि नोझल असतं. गॅसलाही तेच असतं. पंप गळला तर पाठ भिजते, लगेच कळतं. गॅस दिसत नाही, म्हणून त्यात मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम मिसळतात.

टाकीतला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला की तो जमिनीलगत पसरतो आणि गंजीच्या बुडाशी साचतो. इथं पनवेलला आपल्या मुलांच्या खोल्यांत पाइपनं येतो तो नैसर्गिक गॅस. तो हलका, छताकडे जातो. म्हणून पनवेलला वरचा झरोका मोकळा हवा, गावाकडे दाराखालची फट. दोन्ही शेगड्यांचं नोझलही वेगळं असतं. पनवेलची शेगडी गावी नेऊन टाकीला जोडू नका.

आता पेटवायची रीत. टाकी उभी ठेवा, आडवी कधीच नको. शेगडी ओट्यावर, टाकीपेक्षा उंच ठेवा. कापूस शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवा. आधी वास घ्या. वास नसेल तर रेग्युलेटर चालू करा. काडी ओढून बर्नरजवळ धरा, मग बटण दाबून फिरवा. आधी बटण आणि मग काडीची शोधाशोध, हे घातक. पेटलं नाही तर बटण बंद करून दोन-चार मिनिटं थांबा. बहुतेक शेगड्यांत बटण फिरवताना आधी मोठी आच येते, आणखी फिरवलं की बारीक होते. रात्री निजताना रेग्युलेटर बंद करा.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते, गॅस पुरता जळत नाही. तव्याचं बूड काळं होतं आणि गॅसही वाया जातो. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढा, भोकं साफ करा, नीट वाळवून जागेवर बसवा. नोझलमध्ये सुई घालून भोक मोठं करू नका. ज्योत बर्नर सोडून उडत असेल किंवा आत टप्प आवाज करत असेल, तर मेकॅनिकला दाखवा. आच तव्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. भाकरी त्यानं लवकर होत नाही, कडा मात्र करपतात.

वास आला तर काडी, लायटर नको. विजेच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल ते चालू राहू द्या आणि बंद असेल ते बंद. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. घरापासून लांब जाऊन मग १९०६ या नंबरवर फोन करा.

टाकी जोडतो पुरुष आणि शेगडी पेटवते बाई, असं बहुतेक घरी चालतं. आमचं सांगणं एवढंच, की दोन्ही कामं दोघांनाही यायला हवीत. घरी गेल्यावर वाटीभर साबणाचं पाणी करा आणि नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरला लावा. बुडबुडे आले तर ती शेगडी पेटवू नका. काडी लावून गळती शोधू नका. नळी आयएसआय छापाचीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या नळीवरचं साल बघून या.