पांढऱ्या पक्ष्याचा पांढरा रंग

छायाचित्राबद्दल रेडिओवर बोलायचं, तर ते आधी शब्दांनी तुमच्यापुढे धरायला हवं. माझ्या टेबलावर एक चित्र आहे. काळपट कडा, त्यावर समुद्री शेवाळाचं घरटं आणि त्यात उभा एक मोठा पांढराशुभ्र पक्षी. डोक्यावर हळदीचा हात फिरवल्यासारखी पिवळी झाक, पंखांची टोकं काळी, मान ताठ आणि चोच थेट आभाळाकडे. हा गॅनेट नावाचा समुद्रपक्षी, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या बास रॉक बेटावरचा.

पक्ष्याने झकास पोझ दिली, असं वाटेल. पण गॅनेटची घरटी फार दाटीने असतात, शेजाऱ्याची चोच जेमतेम चुकेल एवढंच अंतर. घरटं सोडताना तो मान अशी उंचावून जोडीदाराला सांगतो, ‘मी निघालो, आता तू सांभाळ.’ आणि थोड्याच वेळात उडतो. हे ज्याला ठाऊक, त्याचं बोट आधीच बटणावर असतं. म्हणून लेन्स केवढी होती हे मी विचारत नाही. छायाचित्रकार तिथे किती वेळ निमूट बसला असेल, ते चित्रात शोधतो. आजूबाजूचे पक्षीही पाहतो. सगळेच कॅमेऱ्याकडे टवकारून बघत असतील, पंख फुलवत असतील, तर माणूस नको तितका जवळ गेला होता. घाबरून पक्षी उठला, की कुरव पक्षी अंडं पळवतात. अशा चित्राला, कितीही देखणं असो, माझी दाद नाही.

आता पांढऱ्या रंगाकडे या. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. मागचा खडक काळा, म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि पक्षी जळतो, म्हणजे छातीच्या जागी नुसता कोरा कागद उरतो. जाणकार प्रकाश मुद्दाम एखादा स्टॉप कमी घेतो. चित्र आधी काळवंडलेलं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या रॉ फाइलमध्ये पिसं शाबूत असतात. नंतर संगणकावर फक्त सावल्या हलक्या हाताने उजळायच्या. जिथे कॅमेऱ्याने काही टिपलंच नाही, तिथे सॉफ्टवेअर पीस आणू शकत नाही; आणलंच, तर ते त्या पक्ष्याचं नसतं. चांगल्या चित्रात छातीवर पिसांचे थर दिसतात, पंखाखाली निळसर सावली दिसते. पांढऱ्यात एवढे रंग! पावसाळ्यात भातखाचरातल्या बगळ्यावर हेच करून बघा. ढगाळ सकाळ त्याला उत्तम.

चित्र कापून नेटकं करावं, क्षितिज सरळ करावं, धुळीचे ठिपके काढावेत. पण खडकावरची विष्ठा पुसणारे मला पटत नाहीत. घरटं चिकटून राहतं तेच तिच्यामुळे. गॅनेट शेवाळाबरोबर मासेमारीच्या दोरांचे कृत्रिम धागेही आणून विणतात. तो हिरवा धागा डोळ्यांना खुपतो खरा, पण तो राहू द्यावा. समुद्रात काय तरंगतं आहे, ते त्या घरट्यात लिहिलेलं असतं.

आणि डोळा. गॅनेटचा डोळा फिकट निळा. त्याला थोडी चमक देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण डोळ्याचा रंगही काही सांगत असतो. २०२२ मध्ये बास रॉकवर बर्ड फ्लू पसरला आणि त्यानंतर काही पक्ष्यांचे डोळे काळे दिसू लागले. १८ पक्ष्यांचं रक्त तपासलं, ८ जणांत संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या आणि त्यांतल्या ७ जणांचे डोळे काळे होते. २०१४ मध्ये बेटावर ७५ हजारांहून अधिक घरटी होती. २०२३ च्या मोजणीत ती सुमारे ५२ हजार भरली, आणि ही मोजणीही आकाशातून काढलेल्या छायाचित्रांवरूनच झाली.

टेबलावर दुसरंही एक चित्र आहे. घरट्यात बसलेला गॅनेट. याच्या पायांच्या पडद्यांखाली एकच अंडं असतं, पायांच्याच उबेवर वाढणारं, पण ते दिसत नाही. छायाचित्रकाराने खडकाच्या सावल्या उजळल्या आहेत, मानेखालचं एकेक पीस वर आणलं आहे. डोळा मात्र तसाच ठेवला आहे, काळाभोर.