मनाचा डॉक्टर, पण कोणता?



मला आज मानसोपचारातल्या वेगवेगळ्या शाखांवर बोलायला सांगितलं आहे. निमंत्रण आलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाने विचारलं, “आपा, वेड्यांच्या डॉक्टरांतही शाखा असतात का?” तो पदवीधर आहे, दुकान चालवतो, रोज वर्तमानपत्र वाचतो. हृदयाचा डॉक्टर वेगळा आणि किडनीचा वेगळा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मनाच्या बाबतीत मात्र त्याला एकच दरवाजा माहीत आहे, आणि तिथे जाताना कुणी पाहू नये म्हणून रिक्षा दोन गल्ल्या अलीकडेच सोडायची असते.

मी डॉक्टर नाही. १९९१ पासून सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सायकियाट्रिक सोशल वर्कर होते, आता निवृत्त आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घरी गेल्यावर तिचं काय होतं, हे बघणं माझं काम. पण या कामाकडे मी वळले ते त्याच्या पुष्कळ आधी घडलेल्या एका गोष्टीमुळे.

१९७७ साली माझी धाकटी खाला बाळंत झाली. मी बारा वर्षांची होते. मुलगी झाली, छटी झाली, आणि त्याच रात्रीपासून खाला झोपेना. सारखी बोलायची. एकदा हसायची, एकदा भिंतीकडे बघत राहायची. आठव्या दिवशी म्हणाली, “ही माझी मुलगी नाही, माझी कुणीतरी बदलून नेली.” सासरच्यांनी ठरवलं, बाहेरचं लागलंय. तिला गावोगावी फिरवलं. एका ठिकाणी मिरचीची धुरी दिली, एका ठिकाणी खांबाला बांधून ठेवलं. तीन महिन्यांनी ती आमच्या घरी आली ती एकटीच. मुलगी सासरी ठेवून घेतली होती आणि मागोमाग तलाक आला. कारण काय, तर बाई वेडी आहे. त्या काळी तेवढंही कारण द्यावं लागत नसे, हे वेगळं.

खालाला झालं होतं त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. साधारण हजार बाळंतिणींत एक-दोघींना तो होतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. पहिली खूण झोप जाणं. बाळ झोपलेलं असतानाही आई झोपू शकत नाही. मग बोलण्याचा वेग वाढतो, संशय येतो, आवाज ऐकू येतात. ही तातडीची अवस्था आहे, कारण अशा वेळी आई स्वतःला किंवा बाळाला इजा करू शकते. आणि मानसोपचारातल्या गंभीर आजारांपैकी हा असा आहे की वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य बायका पूर्ण बऱ्या होतात. खालाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला उगाच रडू येतं, ते वेगळं. ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला गोळी लागत नाही, माणसं लागतात. ते ओसरलं नाही, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी आई उदास होत गेली, बाळाला घ्यावंसं वाटेना, तर ते नैराश्य. म्हणजे एकाच बाळंतपणात तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि तिन्हींना आपण एकच नाव देतो. हा फरक ओळखणं, अंगावर पाजणाऱ्या आईला कोणतं औषध चालेल ते ठरवणं, ही आज स्वतंत्र शाखा आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही तरतूद आहे: उपचारासाठी दाखल झालेल्या बाईचं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर तिला त्याच्यापासून सहसा तोडायचं नाही. मुलाला आईकडून धोका असेल तर गोष्ट वेगळी. हे कलम मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आता व्यसनाकडे येते. आपल्याकडे याविषयी बोलायची एक अडचण आहे. दारू हराम, म्हणून आपल्या घरात व्यसनच नाही असं समजायचं. मग पोरगा खोकल्याचं औषध बाटल्या-बाटल्या पितो ते दिसत नाही. मालेगावसारख्या गावांत ज्या गोळीला पोरं ‘कुत्ता गोली’ म्हणतात, ती चिंता आणि झोपेच्या तक्रारींवर देतात ती अल्प्राझोलामची गोळी. घरी कळलं की बाप काय करतो? पोराला खोलीत कोंडतो आणि गोळ्या फेकून देतो. हे जिवावर बेतू शकतं. अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्या आणि एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत तो थरथरतो, भ्रमात जातो, काही जण दगावतातही. व्यसन सोडवताना आधी शरीर सांभाळावं लागतं, ते रुग्णालयात. मग महिनोन् महिने मन सांभाळावं लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण हे या कामाचं महाराष्ट्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. आणि बायकांना हात जोडून सांगते, नवऱ्याच्या जेवणात न सांगता दारू सोडवायची पावडर मिसळू नका. त्यातली काही औषधं अशी असतात की वर दारू पडली तर माणसाचा रक्तदाब कोसळतो.

रमजानचंही इथेच सांगते, कारण दर वर्षी ईदच्या आसपास आमच्या ओपीडीत तीच माणसं परत येत. रोजे धरले म्हणून गोळ्या बंद केल्या आणि आजार उलटला. लिथियम घेणाऱ्यांना तर उपासात पाणी कमी पडलं की औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. ज्यांच्या बसवता येत नाहीत त्यांना आजारपणात सूट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हाताऱ्यांची शाखा वेगळी का लागते, त्याचं एक उदाहरण देते. एका निवृत्त शिक्षकांना घरच्यांनी “स्मृतिभ्रंश झालाय, आता काही होणार नाही” म्हणून आणलं होतं. चार दिवसांपूर्वीपर्यंत ते हिशेब लिहीत होते. चार दिवसांत स्मृतिभ्रंश होत नाही. तपासलं तर लघवीचा जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं. आठवड्यात माणूस ताळ्यावर आला. अचानक आलेला गोंधळ, हळूहळू येणारा स्मृतिभ्रंश आणि म्हातारपणातलं नैराश्य, तिन्हींत माणूस विसरतो. घरच्यांनी डॉक्टरांना “विसरतात” एवढंच सांगू नये, कधीपासून ते सांगावं. निम्मं निदान त्यातच असतं.

मुलांच्या शाखेवर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं, म्हणून इथे फार बोलत नाही. एवढंच सांगते: उर्दू शाळेतल्या एका मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन ‘मंदबुद्धी’ ठरवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्याला अक्षरं लागत नव्हती, बुद्धी शाबूत होती. अध्ययन अक्षमता २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्व म्हणून धरली आहे आणि दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणी मुलाच्या भाषेतच करून मागा.

आणखी एक शाखा आहे, न्यायालयाशी संबंधित. ती आपल्या बायकांच्या फार कामाची. घटस्फोटाच्या, पोटगीच्या, मुलाच्या ताब्याच्या दाव्यात जुनी चिठ्ठी काढून दाखवतात, की हिला मानसोपचार चालू होते. २०१७च्या कायद्याचं तिसरं कलम वकिलाला दाखवा. पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल होती, एवढ्यावरून आज ती आजारी ठरत नाही. आणि आजार असला तरी न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय ती ‘विकल मनाची’ ठरत नाही. त्याच कायद्याने माणसाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एर्वाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं जळून गेली. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर पुढे दवा आणि दुआ एकत्र आणली. मुजावरच आजारी माणसाला डॉक्टरकडे पाठवू लागले. तेव्हा हे होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या तालुक्यात एवढ्या शाखा कुठे आहेत? खरं आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयात बहुधा एकच मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि त्याच्यासमोर दिवसाला शंभर माणसं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, व्यसनाचं वेगळं उच्चशिक्षण आता आपल्या देशात आहे, पण ते डॉक्टर मोठ्या शहरांत. म्हणून त्या एका डॉक्टरला तुम्ही काय सांगता याला किंमत आहे. तो तुम्हाला पुढे कुठे पाठवायचं हे त्यावरून ठरवतो. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं.

खालाचं राहिलं. तिचा आजार काही महिन्यांनी शमला, मुलगी मात्र परत मिळाली नाही. मुलगी मोठी झाल्यावर स्वतःच शोधत आली. १९९९ साली ती बाळंत होणार होती. आईला झालेला आजार मुलीला होण्याचा धोका जास्त असतो, हे तोवर मला शिकून ठाऊक झालं होतं. सातव्या महिन्यात मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं, प्रसूतीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, फाईलवर लाल पेनने लिहून घेतलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या रात्री ती झोपेना, भरभर बोलू लागली. त्याच रात्री औषध सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं, काहीही करा पण हिची झोप मोडू देऊ नका.

रात्री बाळाला वरचं दूध द्यायचं ठरलं. खाला तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. मी म्हटलं, आळीपाळीने बसू. तिने कुणालाच बसू दिलं नाही. पाच रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते बाळ तिच्या मांडीवर होतं, आणि आत तिची मुलगी झोपली होती.