स्कूटरची किल्ली

आजचा भाग जरा घरातला आहे. म्हणजे माझ्याच घरातला.

मी पुण्यात नोकरी करतो. आई-बाबा साताऱ्यात, ताई नाशिकला. बाबा आता ७६ वर्षांचे, आई ७१. आधी माझी मदत म्हणजे काय, तर रिचार्ज मारणं, लाइट बिल भरणं आणि "अरे, व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीये" हा फोन घेणं. बस.

मग फोनचे विषय बदलायला लागले. आई म्हणायची, "ह्यांनी बीपीची गोळी घेतली की नाही, ह्यांनाच आठवत नाही." मी म्हणायचो, "तू लक्ष ठेव ना जरा." आणि फोन ठेवायचो. म्हणजे सगळं आईवर. तिचे स्वतःचे गुडघे दुखतात, हे माझ्या डोक्यातही यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाबा घराजवळच स्कूटरवरून पडले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मी शनिवारी घरी गेलो, स्कूटरची किल्ली बॅगेत टाकली आणि रविवारी पुण्याला घेऊन आलो. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, केवढा जबाबदार मुलगा मी!

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "बाबा बोलतच नाहीत रे फारसं. दिवसभर खुर्चीत." तेव्हा लक्षात आलं. वाचनालय, मंडई, बँकेत पासबुक भरणं, वाटेत मित्राकडे चहा, हे सगळं त्या स्कूटरवर होतं. किल्लीबरोबर मी त्यांचा अख्खा दिवस उचलून आणला होता.

मी परत गेलो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किल्ली नेलीस त्याचं काही नाही. विचारलं नाहीस. मी काय सामान आहे का, इथून उचलून तिथं ठेवायला?"

खरं सांगू? मला उत्तर नव्हतं. मी फक्त "चुकलं, बाबा" म्हणालो आणि किल्ली टेबलावर ठेवली.

त्या दिवशी आम्ही एक कागद घेतला. तीन रकाने. कुठली कामं तुम्हीच करणार? कुठं मदत हवी? आणि कुठल्या गोष्टी तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी ठरवायच्या नाहीत? तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले की संध्याकाळी समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की काहीच दिसत नाही. डॉक्टरांकडे गेलो, तर मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. आणि गंमत म्हणजे, नीट दिसायला लागल्यावर स्कूटर विकायची हे बाबांनीच ठरवलं. आता वाचनालयात चालत जातात. गेल्या वर्षी ७५ पूर्ण झाली, त्यामुळे राज्यात एसटीचा प्रवास फुकट. ऐटीत शून्याचं तिकीट घेतात. आईचं अर्धं.

आता कामाच्या चार गोष्टी, ज्या आम्ही ठेचा खाऊन शिकलो.

एक, औषधं. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरा आणि एकाच डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू होती! त्यानंतर सोमवार ते रविवार कप्प्यांचा डबा आणला. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. विषय संपला.

दोन, बाथरूम. भिंतीला पकडायला दांडी, रात्री छोटा दिवा आणि सरकणारं पायपुसणं बाहेर. पडायची वाट बघू नका.

तीन, कागद. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही. फक्त जवळचं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे, ते आजच बघून ठेवा. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तुमच्या खात्याला तो चालतो का, तेवढं आधी विचारा. आणि अडलात तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

चार, आई. म्हणजे जो घरात सांभाळतोय तो माणूस. आम्ही वाटणी केली. औषधं मागवणं ताईकडे, डॉक्टरांकडे नेणं माझ्याकडे. एक शनिवार आड मी घरी जातो आणि त्या दिवशी आई तिच्या बहिणीकडे जाते. सुरुवातीला जायला तयारच नव्हती. आता शुक्रवारीच पिशवी भरून ठेवते.

आणि हो, हे एकदा करून संपत नाही. तो कागद आम्ही आत्तापर्यंत दोनदा बदललाय. गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. "बँकेत जायचंय. आकडे लिहिताना हल्ली गोंधळ होतो. या वेळी तू चल बरोबर." फोन ठेवल्यावर मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. वाईट वाटलं. पण त्यांनी लपवलं नाही, स्वतःहून मला सांगितलं, याचं बरंही वाटलं.

तर आज रात्री घरी फोन कराल ना, तेव्हा "जेवलात का?" नंतर अजून एक विचारा. "सध्या कुठलं काम जड जातंय?" आणि मग मध्ये न बोलता ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांचीही आणि स्वतःचीही.