वेळेच्या खात्यावर सही कोणाची?

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मोबाईल वाईट आहे असे सांगण्यासाठी मी उभा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नोकरीची जाहिरात आज त्यावरच येते. परंतु हातातले साधन कोणी आणि कोणत्या हिशेबाने घडविले, हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

पुस्तकाला शेवटचे पान असते. तेथे माणूस थांबतो, विचार करतो. २००६ साली अझा रॅस्किन यांनी कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली. आज अनेक ॲपमध्ये तीच आहे. पान संपत नाही, म्हणून थांबण्याची जागाच उरत नाही. पुढे या रचनेबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली.

२०१२ मध्ये टिंडर हे जोडीदार शोधण्याचे ॲप आले. बोट उजवीकडे सरकविले की पसंती, डावीकडे सरकविले की नकार. पुढचा होकार केव्हा येईल ते ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत हेच दिसले होते. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की पक्षी चोच मारीतच राहतो. शिवाय येथे नकाराचे कारण कधीच कळत नाही. मग तरुण मन दोष स्वतःच्या रूपात, रंगात, घरात शोधू लागते. ही ॲप व्यसन लागावे अशीच बनविली आहेत, असा दावा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत टिंडरच्या मालक कंपनीवर दाखल झाला. कंपनीने आरोप फेटाळला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोज सरासरी एक तास वाचला, समाधान थोडे वाढले; मात्र चालू घडामोडींचे ज्ञान कमी झाले. म्हणजे लाभही आहे आणि हानीही आहे.

मित्रहो, मी बँकेत कारकून आहे. शंभर रुपये काढायचे तरी स्लिपवर खातेदाराची सही लागते. आपल्या दिवसातून मात्र दोन-दोन तास विनासही काढले जातात. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि अभ्यासाला रात्रीचेच दोन तास मिळतात, त्यांचे नुकसान सर्वांत मोठे. त्यांच्याजवळ दुसरे भांडवल नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. अनावश्यक सूचनांचा आवाज बंद करा. झोपताना फोन उशाशी ठेवू नका. हा नियम पालकांनीही पाळावा. आणि मंडळाच्या अभ्यासिकेत दाराशी एक पेटी ठेवावी, दोन तास सर्वांचे फोन तीत राहतील. कोणी नकाराने खचला असेल तर त्याच्याशी बोला. ते काम कोणतेही ॲप करणार नाही.

आपल्या वेळेच्या खात्यावर सही आपलीच असली पाहिजे.